गावाचा खुराक आणि माझा गुडघा

२२ डिसेंबर, रविवार

जिंकले! काल लातूरला फायनल. समोर नांदेडची मानसी. याआधी दोनदा तिनं मला लोळवलं होतं, दोन्ही वेळा हसत हसत. काल मी तिचा पाय धरला आणि सोडलाच नाही. एकेरी पट, तोही उजवा गुडघा मॅटवर टेकवून. ज्या गुडघ्याला वस्ताद दिवाळीपासून शिव्या घालतायत, तोच.

उ. गुडघा: गप्प. एकदाही कुरकुरला नाही. शहाणा झाला बहुतेक.

मानसी नंतर भिंतीला टेकून बसली होती. दम्याचा पंप ओढला, मग म्हणाली, "अश्विनी, इतकी ताकद कुठून आणलीस गं?" म्हटलं, "गावच्या लाडवातून." दोघी हसलो. प्राध्यापकाची पोरगी आहे, पण हरल्यावर तोंड वाकडं करत नाही.

मग डोपिंगवाल्या बाई आल्या. बाटलीत लघवी द्यायची आणि त्या समोर उभं राहून बघणार. म्हटलं, बाई, जरा तिकडं तोंड करा, लवकर होईल. म्हणाल्या, नियम आहे. चितपट करायला लागला नसेल एवढा वेळ त्याला लागला.

२४ डिसेंबर, मंगळवार

मेडल घरात नाही. माझ्या गळ्यात ते लातूरपासून गावापर्यंतच राहिलं. वेशीतच वस्तादांनी काढून घेतलं. तालमीचा रिवाज म्हणे. पैलवानाला खुराक देणाऱ्या प्रत्येक घरी बक्षीस एक रात्र मुक्कामाला जातं. पूर्वी गदा जायची, आता माझं मेडल. मधली कित्येक वर्षं गावात पैलवानच नव्हता, म्हणून रिवाजही झोपला होता. माझ्यासाठी उठवला. पहिलीच बाई मी, त्यामुळं घरंही वाढली आहेत. रोज एका घराची पाळी, आणि पाळीवरून भांडणं.

आज मेडल मला रोज बदाम देणाऱ्या दत्तूमामाकडं. देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलंय. आई म्हणाली, "पोरगी माझी अन् मेडल गावाचं." पण तोंडावर हसू होतं.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

वेळ अमावस्या, शेताची पूजा, म्हणून दिवसभर शेतात. भज्जी, उंडे, आंबील. एवढं खाल्लं की वजनाचा विचारच केला नाही. आजच्या दिवशी वजनकाटा बघणं पाप आहे, असं मी ठरवलंय.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या प्रत्येक कोपीपुढं बसवून घेतलं आणि प्रत्येकानं एकच सांगितलं: आमच्यामुळं जिंकलीस. दत्तूमामा म्हणाले, "नुसते बदाम न्हाईत ते, कळलं का?" आणि डोळा मारला. सरपंचीणबाई म्हणाल्या, "आमच्या म्हशीच्या दुधात काय हाय ते मलाच ठाव." सगळे मिशीत हसत होते. बायकासुद्धा.

पारूकाकू तेवढी काही बोलली नाही. आमची शेजारीण. लातूरला जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा तिचाच होता. माझ्या ताटात आंबील ओतली आणि विचारलं, "गुडघा दुखतो का गं आता?" म्हटलं, "छे!" तर तिनं सुस्कारा सोडला. स्वतः मात्र बांधावरून उतरताना माझा खांदा धरून उतरली. तिचे सांधे थंडीत फारच धरतात.

उ. गुडघा: खरं सांगायचं तर परवापासून कुरकुर. काकूला सांगितलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

कॉलेजातून येताना एसटीत मोबाईलवर मेल आला. इंग्रजी. तीनदा वाचला.

माझ्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलंय. स्टेरॉइड. तात्पुरती बंदी. बाजू मांडायची संधी मिळेल. तोवर एकही स्पर्धा खेळायची नाही.

मी! इंजेक्शनची सुई दिसली तरी डोळे मिटणारी मी. पहिल्यांदा हसूच आलं. मग शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं गं, कोन गेलं का?" तेव्हा कळलं की रडतेय.

आईला सांगितलं. "अश्वे, तू कुठं काही पिलीबिली न्हाईस ना?" म्हटलं, आई, पाणी सोडून सगळं गावानंच पाजलंय मला.

बोलता बोलता बोलून गेले. आणि दोघींची नजर फळीवरच्या तुपाच्या बरणीकडं गेली.

३० जानेवारी, गुरुवार

वस्तादांनी पारावर सगळ्या खुराकाच्या घरांना बोलावलं. उन्हं उतरली होती. वस्ताद म्हणाले, "पोरीच्या अंगात औषध निघालं. कुनी काय घातलंय ते सांगा. रागवायचं न्हाई."

मला वाटलं सगळे खाली मान घालतील. उलटंच झालं. दत्तूमामा छाती काढून उभे राहिले. "माझ्या बदामात शिलाजित हाय. असली. मीच घातलं." सरपंचीणबाई लगेच, "मग दुधात अश्वगंधा कुनी घातली? आन् वरून आमच्या पावन्या डाक्टरची ताकदीची गोळी, कुटून." वरच्या आळीतला एक जण म्हणाला, त्यांच्या तुपात कसलं तरी भस्म आहे, आजोबांपासून चालत आलेलं. कुणी मागं हटेना. माझ्यामुळं जिंकली, माझ्यामुळं जिंकली. भांडणच लागलं. जणू डोपिंगवाले बंदी घालायला नाही, सत्कार करायला येतायत.

आधी हसत होते मी. मग एकदम डोकं सणकलं. उभी राहिले आणि ओरडले, "मग मी काय केलं? पहाटे उठून जोर कुनी मारले, शिलाजितानं? मानसीचा पाय कुनी धरला?"

दत्तूमामा हळूच म्हणाले, "तसं न्हाई गं माय, तू तर हाईसच की."

हाईसच की! मीठ जसं असतंच की भाजीत, तशी मी.

वस्तादांनी विचारलं, "मेडल सध्या कुनाकडं हाय? परत मागतील ते." कुणालाच माहीत नाही. सगळी घरं एकमेकांकडं बघायला लागली. पारूकाकू आली नव्हती. पाय दुखतात म्हणून.

३ फेब्रुवारी, सोमवार. लातूर

वस्तादांबरोबर खेळाडूंच्या डॉक्टरबाईंकडं. वयानं माझ्याहून फार मोठ्या नाहीत, पण बोलणं एक घाव दोन तुकडे.

शिलाजित, अश्वगंधा, भस्म हे सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग मेलमधलं औषधाचं नाव वाचलं. म्हणाल्या, हे अंग फुगवणारं स्टेरॉइड नाही. सूज आणि दुखणं उतरवणारं आहे. बाजारात सांधेदुखीच्या पुड्या मिळतात ना, जडीबुटी म्हणून, त्यांत बऱ्याचदा याची भेसळ असते. सरावाच्या काळात चालतं. स्पर्धेच्या दिवशी अंगात सापडलं तर नाही.

मग विचारलं, "फायनलच्या दिवशी गुडघा कसा होता?"

गप्प होता. मी याच वहीत लिहून ठेवलंय. शहाणा झाला म्हणून.

बंदीपेक्षा ते जास्त लागलं. मला वाटत होतं मी दुखणं जिंकलं. ते कुणीतरी आधीच झोपवून ठेवलं होतं आणि मी झोपलेल्या माणसाला चितपट करून आले.

डॉक्टरबाईंना विचारलं, मानसी पंप ओढते ते? चालतं, म्हणाल्या, ठराविक मापात. आणि गुडघ्याला दुसरी काही गोळी? त्यांनी एक पाकीट दिलं. साधी दुखण्याची. ही यादीत नाही, स्पर्धेतही चालते. "हिनंही गुडघा गप्प बसतो का?" "बऱ्यापैकी."

मग फरक काय, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "रेघ कुठंतरी ओढावी लागते, अश्विनी. ती सगळ्यांना एकाच जागी दिसली पाहिजे, एवढंच." मला पटलं. आणि नाहीही पटलं.

पुड्या. आमच्या गल्लीत उदगीरच्या बाजारातून पुड्या आणणारं एकच घर आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मी गेले नाही. मुद्दाम नाही गेले. विचारायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं देव जाणे.

दुपारी मी ओट्यावर लसूण सोलत होते तर पारूकाकूच आली. भिंत धरत धरत. समोर बसली आणि पदराची गाठ सोडली. आत माझं मेडल आणि कागदाच्या चार पुड्या.

"पाळी माझी होती. औषधाचं कानावर आलं, मग पुढं पाठवलंच न्हाई मी. आपलं न्हाई ते पुढं कसं पाठवावं?"

मी लसूण सोलतच राहिले.

"तू तालमीतनं लंगडत यायचीस. मला बघवंना. दोन पुड्यांत माझं दुखणं थांबतंय, मग पोरीचं कामून थांबू न्हाई? लाडवात कुटून घातलं. मला काय ठाव ते तपासतेत."

राग आला. लई आला. म्हटलं, काकू, तू माझी जन्माची कुस्ती खाल्लीस! दुखत असतं तरी मी लढलेच असते. आता मला कधीच कळणार नाही मी जिंकले असते का. ती म्हणाली, "घाल शिव्या. आनिक घाल."

मग आईनं बाहेर येऊन सांगितलं ते ऐकून लसणाचं ताट बाजूला ठेवलं. म्हणे मी लातूरला गेल्यापासून आठवडाभर पारूकाकू अंथरुणातून उठत नव्हती. तिच्या पुड्या संपल्या होत्या. म्हणजे आपल्या वाटणीचं बरं वाटणं तिनं माझ्या लाडवांत घातलं आणि स्वतः कण्हत पडली.

काय करायचं अशा माणसाचं? डोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि वर पुन्हा शिव्या दिल्या.

पुड्या डॉक्टरबाईंकडं तपासायला. काकू म्हणाली, "माझं नाव लिव्ह. पुरं लिव्ह, वडलाच्या नावासकट."

१६ फेब्रुवारी, रविवार

मेल आल्यापासून खुराक बंद केलाय. सगळ्यांचा. आईच्या हातची भाकरी, वरण, दही. गाव रुसलंय. दत्तूमामा समोरून गेले तर म्हणतात, "माझे बदाम काय इखाचे हायेत का?" म्हटलं, मामा, बदाम द्या, नुसते द्या. तर म्हणे, नुसते बदाम तर दुकानातबी मिळतेत.

संध्याकाळी मानसीचा फोन.

"ऐकलं मी. सुवर्ण मला देणार म्हणून राहिलेत."

"अभिनंदन," म्हटलं. थोडं तिखटच.

"अगं ऐक ना. मला मेडल पाहिजेच. खोटं कशाला बोलू. पण कुरिअरनं नको."

मग ती बोलतच गेली. तिचे बाबा म्हणतात नियम तो नियम. तिलाही तसंच वाटतं. पण ती म्हणाली, मला आहारवाली ताई आहे, मालिशवाला आहे, परदेशी पावडरचा डबा आहे, पंपाचे सगळे कागद आहेत. तुला अख्खं गाव आहे. कोण जास्त फसवतंय ते मला झोपताना कळत नाही.

मी म्हटलं, "तुला झोप तरी येते का?"

"तू माझा पाय धरलास तो क्षण रोज आठवतो. तो तू होतीस का पुडी?"

हाच प्रश्न. अगदी हाच. तिच्या तोंडून ऐकल्यावर उलट बरं वाटलं. दोघींपैकी एक तरी उत्तर शोधेल.

म्हटलं, "गावाला ये. आमच्या मातीत. दार लावून. पंच वस्ताद. बक्षीस काही नाही."

"गुण?"

"मातीत गुण नसतात, मॅडम. पाठ लागली की संपलं."

लगेच हो म्हणाली. मला आवडते ही पोरगी. हरवायला तर फारच आवडते.

६ मार्च, गुरुवार

सुनावणी. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, लॅपटॉपसमोर. पलीकडं तीन साहेब, दोन हिंदीत, एक इंग्रजीत. पुडीत तेच औषध निघालं, त्याचा कागद डॉक्टरबाईंनी दाखवला. मी माझं सांगितलं. आवाज कापला नाही, हे नमूद.

मग पारूकाकू. नवं लुगडं, डोक्यावरून पदर. ऐन वेळी लॅपटॉपला नमस्कारच केला. साहेबांनी हिंदीत विचारलं, तुम्हाला माहीत होतं का हे खेळाडूला चालत नाही? डॉक्टरबाईंनी मराठीत सांगितलं. काकू म्हणाली, "दूध दिलं तर चालतंय. तूप दिलं तर चालतंय. पुडीच कामून चालत न्हाई, ते मला कुनी सांगितलंच न्हाई. आता सांगितलं. आता देनार न्हाई." मग थोडं थांबून, "सजा पोरीला कामून, मला द्या. मी तशीबी कुठं कुस्ती खेळायली?"

एक साहेब खाली बघून हसले. दुसऱ्यांनी मला विचारलं, खेळाडूनं आपण काय खातो याची जबाबदारी घ्यावी लागते, मान्य आहे? म्हटलं, मान्य आहे. तोंड माझंच होतं.

हे बोलले तेव्हा कळलं की खरंच मान्य आहे. त्या दिवशी पारावर ओरडले ते अर्धंच बरोबर होतं. विचारायला हवं होतं मी. लाडू आवडला म्हणून नाही विचारलं.

निकाल नंतर कळवू म्हणाले. किती बंदी, काही सांगितलं नाही. मेडल तिथूनच परत पाठवून दिलं. पाकिटात घालताना काकूनं त्यावरचं हळदकुंकू पदरानं पुसलं.

परत येताना एसटीत तिचे पाय माझ्या मांडीवर. डॉक्टरबाईंनी तिला पुड्या बंद करायला लावल्यात, दुसरी औषधं दिलीत. "ही चालतेत का?" तिनं मला विचारलं. म्हटलं, तुला सगळी चालतात काकू, तुझी फायनल नाही कुठं.

२२ मार्च, शनिवार

निकाल नाही. मेल रोज बघते.

मानसी दुपारच्या गाडीनं नांदेडहून आली. तिला उतरवून घ्यायला अर्धं गाव. दत्तूमामांनी बदाम पुढं केले. "नुसते हायेत, आयच्यान." तिनं एक उचलला, हुंगला आणि खाल्ला. मामा इतके खूश झाले की मलाही दिले. दोन महिन्यांनी खाल्ले. बदाम बदामासारखेच लागले.

आईनं दोघींना एकाच ताटात वाढलं. तीच भाकरी, तीच आमटी. मानसी म्हणाली, "हे बरोबर झालं. निदान रात्रीचं जेवण तरी सारखं."

मग गंभीर झाली. "उद्या पंप लागला तर ओढू का? तू म्हणशील तसं."

विचार केला. फार नाही केला. "ओढ. दम लागून हरलीस तर मला काय मजा?"

"मग तूही गुडघ्याची गोळी घे. चालणारी आहे ना ती."

चालणारी आहे. यादीत नाही. घेतली तर कुणी बोट दाखवणार नाही, उलट मानसीच घे म्हणतेय. तिला श्वास, मला गुडघा. हिशेब सरळ आहे. तरी हो म्हटलं नाही मी.

२३ मार्च, रविवार. सकाळ

वस्तादांनी माती उकरून पाणी मारलंय, वास इथपर्यंत येतोय. दार लावणार म्हणाले होते, पण बाहेर सगळं गाव आधीच बसलंय. भिंतीला कान लावून तरी ऐकणार. पारूकाकूला खुर्ची दिलीय, अगदी दाराशी.

काल फार विचार केला, आज कमी करतेय. मी जिंकेन असं मला वाटतं. खरंच वाटतं. उगीच नाही. दोन महिने आईच्या भाकरीवर जोर मारलेत, पट काढायची जागा बदललीय, गुडघ्यावर भार कमी पडतो. वस्तादसुद्धा म्हणाले, "आता बरी काढायलीस." वस्ताद असं कधी बोलत नाहीत. आणि हरले तर हरले. ते हरणं तरी माझं असेल आणि मानसीचं जिंकणं तिचं.

गोळी खिडकीत ठेवली आहे, पेल्याशेजारी. सारखी नजर तिकडं जातेय. घेतली तर चुकीचं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण आजच्या दिवस मला बघायचंय ते दुखणं किती मोठं आहे. फायनलला भेटलंच नव्हतं ना ते मला.

मानसी अंगणातून हाका मारतेय. "अश्विनी, येतेस का, की गावालाच उतरवू मातीत?"

उ. गुडघा: ठणका. चांगलाच. ओळखीचा.

गोळी खिडकीतच आहे. जाते.